घरगुती पर्यायी वीजव्यवस्था : गरज, हिशेब आणि दक्षता

वीज गेली की घर थांबते, हा अनुभव महाराष्ट्रातील शहरांना आणि खेड्यांना सारखाच परिचित आहे. तथापि वीज जाण्याची कारणे निरनिराळी असतात, आणि घरी पर्यायी व्यवस्था उभारू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम या कारणांचाच विचार करावयास हवा. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी देखभालीसाठी वाहिनी बंद ठेवली जाते, ती काही तासांपुरती. वळवाच्या पहिल्या पावसात झाडाची फांदी तारांवर पडून होणारा खंड कधी अर्ध्या तासात मिटतो, तर कधी रात्रभर टिकतो. रोहित्र जळाल्यास, म्हणजेच लोकांच्या भाषेत ‘डीपी गेली’ तर, नवे रोहित्र येऊन बसेपर्यंत वाट पाहावी लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत मागणी व पुरवठा यांतील तुटीमुळे राज्यात भारनियमन करावे लागले. वीजगळती व थकबाकी यांच्या प्रमाणानुसार वाहिन्यांचे गट पाडण्यात आले, आणि ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांना दिवसाचा मोठा भाग विजेवाचून काढावा लागला. घरोघरी इन्व्हर्टर आले ते मुख्यतः याच काळात.

याहून वेगळ्या जातीचे दोन प्रसंग २०२० साली घडले. ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब हजारोंच्या संख्येने आडवे झाले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होते त्यांचे दिवे पहिल्या रात्री लागले, दुसऱ्या दिवशी बॅटरी रिकामी झाली, आणि नंतर ती भरण्यास वीजच नव्हती. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी सकाळी पारेषण व्यवस्थेतील बिघाडामुळे मुंबई व परिसराचा पुरवठा एकाएकी खंडित झाला, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि उंच इमारतींतील उद्वाहने बंद पडली. या दोन प्रसंगांत मागणी-पुरवठ्याचा प्रश्न नव्हता. मुंबईतील खंड अनेक ठिकाणी त्याच दिवशी मिटला, कोकणातील मिटला नाही. चार तासांच्या खंडासाठी जी व्यवस्था पुरेशी ठरते ती चार आठवड्यांच्या खंडात निरुपयोगी ठरते, हे कोकणच्या उदाहरणावरून ध्यानी येते. यास्तव ‘कोणता इन्व्हर्टर घ्यावा?’ या प्रश्नाच्या आधी ‘आपल्याकडे वीज जाते ती किती वेळ, आणि त्या वेळात कशावाचून अडते?’ हे दोन प्रश्न विचारावे लागतात. दुकानदार ते सहसा विचारीत नाही.

गरजेचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या घरातील वस्तूंचे दोन वर्ग सहज पडतात. दिवे, पंखे, भ्रमणध्वनीचे चार्जर, इंटरनेटचा राउटर, दूरचित्रवाणी संच ही उपकरणे थोड्या विजेवर चालतात. याउलट पाणी तापविण्याचा गीझर सुमारे २,००० वॅट, इस्त्री १,००० वॅट आणि दीड टनी वातानुकूलक साधारण १,५०० वॅट वीज घेतो. उष्णता उत्पन्न करणारी किंवा मोठी मोटार फिरविणारी वस्तू बॅटरीवर चालविण्याचा अट्टहास धरणे म्हणजे पाण्याच्या माठातून शेत भिजविण्यासारखे आहे. आंघोळीचे पाणी गॅसवर तापते, इस्त्री उद्या करता येते.

मोटारीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. शीतकपाट किंवा पंप चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. चालू असताना दीडशे वॅट घेणारे शीतकपाट त्यामुळे लहान इन्व्हर्टरला सुरुवातीलाच बंद पाडू शकते. शीतकपाटाचे दार न उघडल्यास आतील थंडावा सुमारे चार तास टिकतो, हे लक्षात घेता थोड्या वेळाच्या खंडासाठी ते पर्यायी विजेवर घेण्याची गरजच नसते. पंपाचेही तसेच. वरच्या टाकीत वेळीच भरून ठेवलेले पाणी ही एक प्रकारची साठवलेली वीजच होय. १,००० लिटर पाणी १० मीटर उंचीवर चढविण्यास पंपातील तोटा धरूनही एका युनिटचा दहावा भाग किंवा त्याहून थोडी अधिक वीज लागते, आणि टाकीला ना ॲसिड लागते ना दर चार-पाच वर्षांनी बदलावे लागते. पाण्याची टाकी मोठी करणे हा पर्यायी विजेचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, परंतु तो कोणी पर्यायी वीज म्हणून विकत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. एका मध्यमवर्गीय घरात वीज गेल्यावर नऊ वॅटचे चार एलईडी दिवे, जुन्या धाटणीचे ७५ वॅटचे दोन पंखे, दहा वॅटचा राउटर आणि दोन चार्जरचे मिळून वीस वॅट एवढी गरज धरली, तर एकूण भार ३६ अधिक १५० अधिक १० अधिक २०, म्हणजे २१६ वॅट होतो. तो चार तास चालवावयाचा असल्यास ८६४ वॅट-तास ऊर्जा लागेल. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर होताना सुमारे पाचवा हिस्सा वाया जातो, म्हणून बॅटरीतून प्रत्यक्षात १,०८० वॅट-तास निघावे लागतात. शिवाय शिसे-आम्ल जातीची बॅटरी नित्य तळापर्यंत रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तिच्यातील सुमारे साठ टक्के ऊर्जाच वापरावी असे धरले तर १,८०० वॅट-तासांची बॅटरी हवी. १२ व्होल्टच्या बॅटरीत हे प्रमाण बरोबर १५० अँपिअर-तास येते. बाजारात सर्वाधिक खपणारी बॅटरी नेमकी याच मापाची आहे.

हाच हिशेब पंखे बदलून मांडावा. ब्रशविरहित एकदिश मोटारीचे, म्हणजेच बीएलडीसी जातीचे पंखे सुमारे ३० वॅटवर चालतात. दोन पंखे तसे घेतल्यास एकूण भार १२६ वॅटवर येतो, चार तासांची गरज ५०४ वॅट-तास होते, आणि वरच्याच रीतीने गणित केल्यास ९० अँपिअर-तासांहून कमी क्षमतेची बॅटरी पुरते. १०० अँपिअर-तासांची घेतली तरी हातचे राखून काम होते. पंखे वर्षभर बिलातही बचत करतात, बॅटरी मात्र वीज असताना केवळ थांबून असते. त्यामुळे मोठी बॅटरी घेण्यापूर्वी पंख्यांकडे पाहावे, हा सल्ला हिशेबाने सिद्ध होतो.

इन्व्हर्टरची क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये सांगितली जाते आणि ती वॅटपेक्षा मोठी दिसते, हेही ग्राहकाने ध्यानी ठेवावे. ७०० व्होल्ट-अँपिअरचा संच प्रत्यक्षात साधारण ५५० वॅटच्या आसपास भार पेलतो. वरील उदाहरणातील २१६ वॅटला तो पुरेसा आहे. भार आणि कालावधी यांची मात्र गल्लत करू नये. इन्व्हर्टर मोठा घेतल्याने दिवे अधिक वेळ चालत नाहीत. एका वेळी अधिक वस्तू चालतात, इतकेच. वेळ वाढते ती बॅटरीने. इन्व्हर्टर निवडताना त्यातून निघणाऱ्या प्रवाहाचे रूपही विचारावे. स्वस्त संचातील चौकोनी तरंगांच्या प्रवाहावर पंखा घुमतो व मोटार तापते. शुद्ध ज्या-तरंग, म्हणजे ‘साइन वेव्ह’ देणारा संच थोडा महाग पडला तरी मोटारी व इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांच्या दृष्टीने तोच योग्य.

बॅटरी आणि तिची निगा

घरगुती व्यवस्थेतील सर्वांत खर्चिक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बॅटरी. शिसे-आम्ल बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज बाहेर निघताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल सौम्य होत जाते; वीज भरताना ही क्रिया उलटते. बॅटरी दीर्घकाळ अर्धवट रिकामी राहिली तर हे सल्फेट कठीण होऊन बसते, मग ते सुटत नाही आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. भारनियमनाच्या वर्षांत खेड्यापाड्यांतील बॅटऱ्या एक-दोन वर्षांत निकामी होत त्याचे एक कारण हेच होते. १५० अँपिअर-तासांची बॅटरी साठ टक्के रिकामी झाल्यावर ती पूर्ण भरण्यास साधारण दहा ते बारा तास लागतात. जेथे दिवसातून दहा-बारा तास वीजच नाही, आणि जी येते ती दोन-तीन तुकड्यांत, तेथे बॅटरी पूर्ण भरण्याची संधीच मिळत नसे. दोष बॅटरी बनविणाऱ्याला दिला जाई. शिवाय बॅटरी भरताना जेवढी वीज घेते त्याहून कमी परत देते. वीज परत येताच घरोघरीचे इन्व्हर्टर एकदम भरू लागले की आधीच ओढग्रस्त वाहिनीवर आणखी भार पडे, ही त्या काळातील एक विसंगती होती.

सपाट पट्ट्यांपेक्षा नळीदार म्हणजे ‘ट्यूब्युलर’ पट्ट्यांची बॅटरी वारंवार रिकामी होण्यास अधिक चांगली टिकते. मोटारगाडीची बॅटरी घरच्या इन्व्हर्टरला जोडू नये, कारण ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते, तासन्‌तास थोडा प्रवाह देण्यासाठी नव्हे. दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरीतील द्रवाची पातळी पाहून उर्ध्वपातित पाणी घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा घरच्या शुद्धीकरण यंत्रातून आलेले पाणी यासाठी चालत नाही. वरून आम्ल घालणे तर नक्कीच टाळावे, कारण उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. हायड्रोमीटर हे साधे उपकरण घेतल्यास बॅटरीची प्रकृती घरीच कळते. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व तिच्या जातीनुसार १.२४ ते १.२८ असते. एखाद्या कप्प्यातील आकडा इतरांपेक्षा बराच कमी आल्यास तो कप्पा खराब होत आहे असे समजावे.

उष्णता ही बॅटरीची मोठी शत्रू. साधारण नियम असा की २५ अंश सेल्सियसच्या वर तापमान दर १० अंशांनी वाढेल तसे शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य निम्मे होत जाते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत पोहोचतो. तेथे पत्र्याच्या खोपटात किंवा गच्चीवरील डब्यात बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वतःच्या हाताने तोडणे होय. ती सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून थोडी उंच ठेवावी.

हवेशीर या शब्दावर भर देण्याचे कारण आहे. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. पुष्कळ घरांत इन्व्हर्टर जिन्याखाली किंवा देवघराच्या शेजारी बंद कपाटात ठेवलेला आढळतो. समई तेथेच तेवते, उदबत्ती तेथेच लागते. ही जागा बदलावी. बॅटरीच्या जोडपट्ट्या सैल असतील तर त्यांतूनही ठिणगी उडते. ५०० वॅटच्या भारासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून पन्नास अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, म्हणून बॅटरी व इन्व्हर्टर यांमधील तारा जाड आणि शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. आम्ल डोळ्यांत उडाल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळे धुऊन मग दवाखान्यात जावे. डॉक्टर शोधण्यात तो वेळ दवडू नये.

अलीकडे लिथियम लोह फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या घरांत येऊ लागल्या आहेत. त्यांत पाणी घालावे लागत नाही, त्या वजनाने हलक्या असतात, अधिक खोलवर रिकाम्या करता येतात आणि हजारो वेळा भरता येतात. प्रत्येक कप्प्याचा दाब सांभाळणारे नियंत्रक मंडल त्यांत आवश्यकच असते. त्यांचा भरण्याचा दाब निराळा असल्याने जुन्या इन्व्हर्टरला त्या नुसत्या जोडून चालत नाही. आरंभीचा खर्च अधिक असला तरी जेथे रोज वीज जाते तेथे वर्षांच्या हिशेबात त्या परवडू शकतात. जेथे महिन्यातून एकदाच जाते तेथे हा खर्च करण्याचे प्रयोजन नाही.

उलट वाहणारी वीज

पर्यायी विजेच्या संदर्भात सर्वांत कमी चर्चिला जाणारा आणि सर्वांत गंभीर विषय घराबाहेरच्या माणसाच्या जिवाशी निगडित आहे. वादळात तारा तुटल्या की महावितरणचा तंत्रज्ञ, ज्याला खात्यात ‘जनमित्र’ म्हटले जाते, भर पावसात खांबावर चढतो. वाहिनी उपकेंद्रातून बंद केलेली असते. अशा वेळी त्याच रोहित्रावरील एखाद्या घरात जनित्र चालू करून दोन्ही टोकांना पिन बसविलेल्या वायरीने ते भिंतीतील सॉकेटला जोडले गेले, तर जनित्राची वीज घरातील दिव्यांपुरती राहत नाही. मुख्य स्विच चालू असल्यास ती मीटरमधून मागे रस्त्यावरच्या तारांत जाते आणि रोहित्रात पोहोचते. रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणते, परंतु विजेला दिशा ठाऊक नसते. खालच्या बाजूने २३० व्होल्ट दिले तर वरच्या बाजूस हजारो व्होल्ट उत्पन्न होतात. शेजारपाजारच्या घरांचा भार ओढला जाऊन लहान जनित्र बहुधा बंद पडते, पण ते बंद पडेपर्यंतचे काही क्षण खांबावरील माणसासाठी पुरेसे असतात. तार मृत आहे असे समजून त्याने तिला हात घातलेला असतो.

वाहिनीवर काम करण्यापूर्वी तपासणी करून ती जमिनीशी जोडून घ्यावी, असा नियम आहे आणि तंत्रज्ञांनी तो कटाक्षाने पाळावयास हवा. तथापि खांबावरच्या माणसाने सावधगिरी बाळगावी म्हणून घरातल्याने निष्काळजी राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही. उपाय साधा आहे. मुख्य पुरवठा आणि जनित्र यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा. या स्विचाची कळ एका वेळी एकाच बाजूस जाऊ शकते. एकतर महावितरणची वीज, नाहीतर जनित्राची. दोन्ही एकत्र येण्याची शक्यताच राहत नाही. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून तुटल्या पाहिजेत, केवळ फेज नव्हे. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कोणाच्याही घरी असू नये. तिचे एक टोक जोडलेले असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत वीज खेळत असते, आणि घरात लहान मूल असेल तर खांबापर्यंत जाण्याचीही गरज पडत नाही.

नीट बसविलेल्या इन्व्हर्टरमध्ये वीज जाताच मुख्य पुरवठ्यापासून तोडून घेणारी योजना आतच असते. तरी तारजोडणीत दोष राहतात. इन्व्हर्टरवरील दिव्यांची न्यूट्रल तार इतर दिव्यांच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असते, मग गळती-प्रवाह ओळखणारा रक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, वारंवार पडतो, आणि कंटाळून तोच काढून टाकला जातो. हा उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. इन्व्हर्टरवरील मंडल सुरुवातीपासून वेगळे काढावे, त्याची न्यूट्रलही वेगळी न्यावी, आणि अर्थिंग तपासून घ्यावे. मुख्य स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरच्या मंडलात वीज राहते, ही गोष्ट घरी दुरुस्तीस येणाऱ्या वायरमनला ठाऊक असेलच असे नाही. मीटरच्या फळीवर ‘या घरात इन्व्हर्टर आहे’ अशी पाटी ठळक अक्षरांत लावण्यास काही खर्च येत नाही.

जनित्र

अनेक दिवसांच्या खंडात जनित्राला पर्याय थोडे आहेत. पेट्रोलवर चालणारे एक किलोव्होल्ट-अँपिअरचे लहान जनित्र घरचे दिवे, पंखे व बॅटरीचे भरण एवढे काम करते. एका युनिटमागे अर्ध्या लिटरहून अधिक इंधन जाते, म्हणून ते रात्रभर चालवीत बसण्यापेक्षा दिवसातून काही तास चालवून त्यावर बॅटरी भरून घ्यावी आणि रात्री इन्व्हर्टरवर काम भागवावे. ‘निसर्ग’नंतर कोकणात काही ठिकाणी गावकऱ्यांनी एका जनित्रावर आळीपाळीने भ्रमणध्वनी भरून घेतले.

जनित्राचा धोका त्याच्या आवाजात नाही, धुरात आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूहून अधिक घट्ट धरते. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे होते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. पावसात भिजू नये म्हणून जनित्र पडवीत, बंद जिन्यात किंवा दार किलकिले ठेवून खोलीत आणण्याची पद्धत याच कारणासाठी घातक आहे. ते घराबाहेर, खिडक्या-दारांपासून दूर, उघड्या आडोशाला ठेवावे, आणि इंजिन गरम असताना त्यात पेट्रोल भरू नये.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत उद्वाहन, पंप व जिन्यातील दिवे यांसाठी सामाईक जनित्र असते. ते महिन्यातून एकदा भारासह चालवून पाहिले जात नसेल तर ऐन वेळी त्याची बॅटरी उतरलेली आढळते. पर्यायी वीज सामुदायिक रीतीने उभारण्याचा याहून मोठा प्रयोग पुण्यात २००६ साली झाला होता. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने कारखान्यांतील जनित्रांची वीज उपयोगात आणून शहर भारनियमनातून वगळण्यात आले, आणि त्याचा वाढीव खर्च ग्राहकांनी अधिभाराच्या रूपाने सोसला. घरोघरी इन्व्हर्टर घेण्यापेक्षा हे स्वस्त होते किंवा कसे, यावर त्या वेळी पुष्कळ चर्चा झाली.

छतावरील सौर वीज

सौर ऊर्जेबाबत एक मोठा गैरसमज सर्वत्र आढळतो. केंद्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त छतावरील संचासाठी एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किलोवॅट व त्यावरील संचास ७८,००० रुपये असे अनुदान ठरविण्यात आले, आणि राज्यातील अनेक कुटुंबांनी असे संच बसविले. छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल असताना वीज गेली की घरही अंधारात, हे पाहून ते चकित होतात. यात बिघाड काहीच नाही. वाहिनीशी जोडलेला संच वाहिनी बंद पडताच आपोआप थांबलाच पाहिजे, अशी त्याची रचना असते. तो चालू राहिला तर वर वर्णन केलेली उलट वाहणारी वीज शेकडो छतांवरून एकाच वेळी तारांत शिरेल.

वीज नसतानाही सौर ऊर्जा हवी असल्यास बॅटरीसह चालणारा संकरित म्हणजे ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर लागतो, जो घराला वाहिनीपासून तोडून स्वतंत्रपणे चालवू शकतो. संच बसविण्याआधीच ही निवड करावी, नंतर बदल करणे खर्चाचे पडते. एक किलोवॅटच्या पॅनेलपासून महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. कोकणात वादळे येतात ती मे-जूनमध्ये, आणि त्यामागोमाग पावसाळ्याचे ढग. त्या दिवसांत निम्मीही वीज हाती लागेल असे धरून चालू नये. तरीही आरंभीच्या उदाहरणातील दिवे-पंख्यांपुरती गरज एका किलोवॅटचे पॅनेल ढगाळ दिवशीही बरीचशी भागवू शकते, आणि त्याला पेट्रोलपंपावरील रांग लागत नाही. पॅनेलची बांधणी मात्र वाऱ्याला टिकेल अशी हवी. किनारपट्टीवर खारी हवा लोखंडाच्या सांगाड्याला थोड्या वर्षांत पोखरते, म्हणून जस्तविलेपित सांगाडा व स्टेनलेस पोलादाचे नटबोल्ट वापरावेत.

घरात रुग्ण असल्यास

बहुतेक कुटुंबांना वीज जाणे ही गैरसोय असते. काहींना ती जिवावरची गोष्ट असते. घरी प्राणवायू संकेंद्रक लावलेला रुग्ण असेल तर हिशेब निराळा होतो. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र सुमारे ३५० वॅट वीज घेते. आठ तासांसाठी २,८०० वॅट-तास, आणि वरील रीतीने तोटा व साठ टक्क्यांची मर्यादा धरल्यास १५० अँपिअर-तासांच्या एकीच्या जागी तीन-चार बॅटऱ्या लागतात. एवढे करूनही इन्व्हर्टर स्वतःच बिघडू शकतो. म्हणून अशा घरी विजेवाचून चालणारी सोय प्रथम ठेवावी, बॅटरी त्यानंतर. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर प्राणवायू असतो; मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो, पाच लिटरने पाच तास. सिलिंडरची चावी आणि प्रवाहमापक कोठे आहेत, ते अंधारात हाताला लागतात का, आणि घरातील निदान दोन माणसांना तो जोडता येतो का, हे वीज असतानाच पाहून ठेवावे.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी घाबरून जाण्याचे कारण नाही. शीतकपाट बंद पडले तरी दार मिटलेले ठेवल्यास काही तास ते थंड राहते. खंड लांबल्यास कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पाणी झिरपणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवण्याची ग्रामीण भागातील रीत उपयोगी आहे. बर्फाला चिकटून मात्र ती ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. किती दिवस वापरावे याबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चक्रीवादळाचा इशारा मिळाल्यावर रुग्ण असलेल्या कुटुंबाने प्राथमिक आरोग्य केंद्रास आणि महावितरणच्या शाखा कार्यालयास आधीच कळवून ठेवल्यास दुरुस्तीचा क्रम ठरविताना त्याचा विचार होऊ शकतो. वीज गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदविता येते.

जुनी बॅटरी

चार-पाच वर्षांनी शिसे-आम्ल बॅटरी निकामी होते, तेव्हा ती भंगारवाल्यास देण्याचा मोह होतो. भंगाराच्या बाजारात अशा बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या जातात, आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे चुलीवर वितळविले जाते. त्या धुरातील शिसे मातीत मुरते व तेथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम भरून येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावी, तिची किंमत वजा करून घ्यावी, आणि पावतीवर तशी नोंद मागावी. बॅटरी उचलून नेईपर्यंत ती उभीच ठेवावी, आडवी पाडू नये, आणि तिची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकावीत.